घारगडाचा अडसर

आबा हवालदारांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. किती, ते मी मोजलेले नाही. अंदाजाने सांगायचे तर दोन बोटे. चालताना ते त्या बाजूला कलत आणि उजवा हात नेहमी थोडा वर धरत, जणू खांद्यावर काहीतरी आहे आणि ते सांभाळायचे आहे. कामशेतच्या बाजारातली माणसे त्यावरून हसत. मीही सुरुवातीला हसलो असेन.

मी तेव्हा कामशेत स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो. घर लोणावळ्याला, सकाळच्या गाडीने यायचे, संध्याकाळच्या गाडीने जायचे. पौष-माघात पवनेकडच्या खोऱ्यातून तांदळाच्या गाड्या येत. त्यांत घारवाडीची एक गाडी आबांची असे. पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्याशी वाद घातला.

"बाबू, काटा तपासा."

"का? काय झालं?"

"माझं पोतं दोन शेर जास्ती दाखवतोय."

मागे उभा असलेला हमाल म्हणाला, "आबा, जास्ती दाखवतोय न्हवं? मग तुमचं काय गेलं?"

"पोतं म्या भरलंय. त्यात किती हाय ते मला ठावं हाय."

मी नाइलाजाने काटा उचलून पाहिला. पारड्याच्या खाली ओल्या मातीचा गोळा चिकटलेला होता. खरडून काढला आणि वजन दोन शेरांनी उतरले. आबा एवढेच म्हणाले, "आता बराबर." त्या दिवसापासून मी त्यांना ओळखू लागलो. माझी चूक दाखवणारी माणसे मला आवडतात. निदान तेव्हा तसे वाटत होते.

आबांच्या खांद्याची हकीकत मला नंतर कळली. ती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

घारवाडी गडाच्या पायथ्याशी आहे. फार पूर्वी एकाच गादीवर दोन वारसांनी हक्क सांगितला आणि त्यांच्या फौजा एकमेकींशी लढल्या. दोन्हीकडे मावळातलीच माणसे होती. एका घरचा थोरला भाऊ गडावर आणि धाकटा खाली वेढ्यात, असेही होते. घारगड एका पक्षाकडे होता. दुसऱ्या पक्षाने त्याला वेढा घातला. एकतिसाव्या दिवशी गडाच्या हवालदाराने जीवदानाचा कौल घेऊन दरवाजाचा अडसर काढला. कौल पाळला गेला नाही. गडावरच्या शिबंदीतली माणसे दरवाजातच कापली गेली. तो हवालदार आबांचा पूर्वज.

गावात असे सांगत की गडावर दाणा भरपूर होता, हवालदाराने वतनाच्या लोभाने दार उघडले. त्याबद्दल गावाने त्या घराला शिक्षा लावली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. चैत्रात देवीची जत्रा गडावर भरते. त्या दिवशी हवालदारांच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने ऐनाच्या लाकडाचा साडेसहा हातांचा अडसर खांद्यावर घेऊन उपाशीपोटी गड चढायचा. वाटेत भेटेल तो काठीने त्यावर एक ठोका देई. दरवाजाची दारे केव्हाच गेलेली, नुसती कमान उरलेली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींत अडसर बसवायचा. पालखी आली की गुरव तीनदा म्हणे, "दार उघडा." तिसऱ्या हाकेला अडसर काढायचा आणि सगळी माणसे आत जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसायचे. जाताना कोणी रामराम घालत नसे.

एका वर्षी आबा नवा अडसर तासून गाडीतून नेत होते. मी तो काट्यावर घालून पाहिला. एक मणाला तीन शेर कमी.

"दर वर्षी हे घेऊन चढता?"

"सोळाव्या वर्सापास्नं."

"आणि तुमच्यामागं?"

आबा बैलांच्या जुवाकडे पाहत राहिले. त्यांना मुलगा नव्हता. एक मुलगी होती, सोना. गावाचा नियम असा की मुलगा नसेल तर अडसर जावयाच्या खांद्यावर जायचा. म्हणून सोनाला कोणी मागणी घालत नव्हते. ती एकवीस वर्षांची झाली होती. त्या काळी हे वय ऐकून बायका हळहळत आणि मग विषय बदलत.

आबांच्या घरी मी पुष्कळदा गेलो. त्यांच्या दाराला आतून ना कडी होती, ना खिट्टी. पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा शेजाऱ्याचे रेडकू सरळ आत आले आणि माझ्या टोपीवर बसले.

"आबा, एखादी खिट्टी तरी लावा."

"ह्या घरात अडसर करायचा न्हाई, आज्याची आन हाय. त्यो एकच हाय त्योच पुरं."

सोना चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "रेडकाला ठावं हाय, ह्या घरात येनाऱ्याला कोन आडवत न्हाई. मानसास्नीच ठावं न्हाई."

आबांची आणखी एक सवय होती. ताट वाढण्यापूर्वी ते घरातली तोंडे मोजत. बोटाने दाखवून, मोठ्याने. घरात तीन माणसे असली तरी मोजत. मी पाहुणा असलो की चौथा मी. नवरा-बायको आणि मुलगी, त्यात मोजायचे काय, म्हणून मी एकदा चेष्टा केली. ते म्हणाले, "आदी त्वांडं मोजावी, बाबू. मग दानं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किमान वीस वेळा ऐकले असेल. त्याचा अर्थ मला कळला असता तर पुढचे घडले नसते.

सोनासाठी तिकोणा पेठेकडचे एक स्थळ आले. मुलगा चांगला, जमीन थोडी पण ओलिताखालची. मुलाच्या बापाने सरळ सांगितले, "पोरगी पसंत हाय. गावानं अडसर माफ केला तर सुपारी फोडू." आबा पहिल्यांदाच चावडीवर काही मागायला गेले. पाटील वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "आबा, दानं खरंच सपलं हुतं आसं दावा, अडसर जाळून टाकू. कामशेतचा मालबाबू हिशेबाचा पक्का हाय म्हनत्यात. तो लिहून देईल ते गाव मानंल."

आबांकडे पूर्वजांचा एक मोडी कागद होता. ती लिपी मला वाचता येते. त्यावर वेढा पडल्या दिवशीची गडाची नोंद होती: भात पंधरा खंडी, शिबंदी चौसष्ट असामी. खाली वेगळ्या हस्ताक्षरात लिहिले होते: एकतिसावे रोजी दार मोकळे केले. कागद घेऊन आम्ही दोघे गडावर गेलो. धान्यकोठाराच्या भिंती उभ्या होत्या. मी टेप लावून लांबी-रुंदी घेतली. पंधरा खंडी तिथे सहज मावत होते. कागद खरा वाटत होता. आबा उन्हात उभे राहून मी लिहीत असलेले आकडे पाहत होते. त्यांना वाचता येत नव्हते.

"त्वांडं मोजली का, बाबू?"

"कागदावर आहेत ना. चौसष्ट."

आबा गड उतरू लागले.

हिशेब साधा आहे, इथे देतो. पंधरा खंडी म्हणजे तीनशे मण, म्हणजे बारा हजार शेर भात. कांडून तूस गेले की निम्मे उरते, सहा हजार शेर तांदूळ. माणशी रोज एक शेर धरला तर चौसष्ट माणसांना त्र्याण्णव दिवस पुरतो. दार उघडले एकतिसाव्या दिवशी. म्हणजे बासष्ट दिवसांचा दाणा शिल्लक होता.

मी तो हिशेब दोनदा तपासला. माणशी सव्वा शेर धरून पाहिला, उंदीर-घुशींची नासाडी वजा करून पाहिली. काही केले तरी महिन्याहून अधिक दिवसांचा दाणा उरतच होता. कागद घेऊन मी घारवाडीला गेलो आणि आबांना ओटीवर बसवून सांगितले.

"आबा, हे असं येतंय."

"बराबर हाय का?"

"दोनदा तपासलंय."

आबांनी हातातल्या टोपीचा काठ दुमडला. मग म्हणाले, "मग द्या."

"तुम्ही म्हणत असाल तर मी सांगतो, हिशेब जमत नाही म्हणून. कागद देतच नाही."

"खोटं घरात ठिवून काय करू? द्या." त्यांनी कागद घडी करून कमरेला खोवला आणि स्वतः चावडीवर नेऊन दिला. कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला गेला. मी तिथे नव्हतो. नंतर ऐकले की वाचून झाल्यावर कोणीतरी म्हणाले, "रेल्वेचा काटा हाय, खोटं कसं बोलंल," आणि लोक हसले. आबा शेवटपर्यंत बसून होते. आठवड्याच्या आत पेठेकडून निरोप आला की स्थळ दुसरीकडे जमले.

मी भेटायला गेलो तेव्हा सोना अंगणात भात वारवत होती. तिने सूप खाली ठेवले नाही. "बाबू," ती म्हणाली, "एकदा आबांनी तुमचा काटा तपासला हुता. आता तुमीच तपासा."

आबा त्या दिवसांत खूप खंगले. जेवायच्या आधी तोंडे मोजायचे त्यांनी बंद केले. सोना म्हणायची, मोजा की, तर ते म्हणत, "मोजून काय व्हतंय." आबांच्या बायकोने चहा ओटीवर ठेवला आणि ती आत गेली. एवढे दिवस त्या घराला गावाचा बोल लागला होता. आता आकड्यांचा लागला, आणि तो मी लावला होता. हिशेब खरा होता, म्हणून मला माफीही मागता येत नव्हती.

फाल्गुनात माझी बायको कामशेतच्या बाजारात तांदूळ घेत होती. घारवाडीची एक बाई विकायच्या तांदळातून एक मूठ काढून पदरात बांधत होती. बायकोने विचारले, ही कशाला? ती म्हणाली, गडावर आमच्या उखळात घालाया, जत्रेला. घरी आल्यावर बायकोने मला सहज सांगितले, "त्यांच्यात गडावर प्रत्येक घराचं उखळ वेगळं असतं म्हणे. खडकात कोरलेलं."

मी ताट बाजूला सारले. तोंडे मोजली का, बाबू.

रविवारी मी गडावर गेलो. सोनाला बरोबर यायची विनंती केली. ती आली. पडझड झालेल्या तटाच्या आत, पाण्याच्या टाक्याच्या बाजूला उघडा कातळ आहे. त्यात वीतभर खोल उखळे कोरलेली आहेत. त्यांच्याजवळून मी टेप घेऊन गेलो होतो आणि ती मी पाहिलीच नव्हती, कारण मला कोठार मोजायचे होते.

"हे पाटलांचं," सोना पायाने दाखवत म्हणाली. "हे गुरवाचं. हे कुंभाराचं. जत्रेला बाया पहाटं येत्यात, मूठभर तांदूळ घालत्यात. म्हनत्यात, गडाचं खाल्लं, गडाला दिलं."

"पुरुषांना हे माहीत आहे?"

"ते पालखीसंगं उन्हं आल्यावर येत्यात. त्यांना कशाला ठावं आसंल?"

"एका घरची बाई दुसऱ्याच्या उखळात कांडते का?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी मुकाट मोजू लागलो. त्रेचाळीस. शिबंदीसाठी कोठाराशेजारी एक मोठे उखळ होते, ते वेगळे. म्हणजे वेढ्यात चौसष्ट शिपाई एकटे नव्हते. गावातली त्रेचाळीस घरे बायकापोरांसह वर आली होती. कागदात ती नव्हती, कारण ती शिबंदी नव्हती. गाव मात्र असे सांगे की आमचे वाडवडील तेव्हा कोकणात पळून गेले होते.

तिथेच बसून हिशेब केला. घरटी पाच माणसे धरली तर दोनशे पंधरा. शिबंदीसह दोनशे एकोणऐंशी. पहिल्या दिवसापासून पोटाला चिमटा घेऊन पाऊण शेरावर काढले तरी दाणा अठ्ठावीस दिवसांत संपतो. दार उघडले एकतिसाव्या दिवशी. म्हणजे दोन दिवस गडावर एक दाणाही नव्हता, आणि दोनशे पंधरा माणसे, त्यांत निम्मी पोरे, त्या हवालदाराकडे पाहत बसलेली होती.

सोना ऐकत होती. ती म्हणाली, "हे आबांना तुमी सांगा. माज्यानं व्हनार न्हाई."

आबांनी ऐकून घेतले. मग विचारले, "त्येनं कुनासाटी काढला मग अडसर?"

"ह्यांच्यासाठीच. गावासाठी. कापली गेली ती शिबंदी, गाव वाचलं."

ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसरा कागद मी स्वतः चावडीवर नेला. पाटलाने पूर्ण ऐकला. त्याच्या मागचा एक जण बोलला: "बाबू, एकदा तुमचा हिशेब चुकला म्हंता. दुसऱ्यांदा बराबर कशावरनं?" मी कागदाची घडी केली. पाटील उठता उठता म्हणाला, "आमचे वाडवडील कोकनात हुते. तसंच ऐकत आलोय."

चार दिवसांनी जत्रा होती. आबांनी तोच अडसर उचलला. तीन ठिकाणी बसले. मी पालखीबरोबर मागून चढत होतो. पुढून काठ्यांचे ठोके ऐकू येत होते, काही हळू, काही जोरात.

दरवाजात आबा आतल्या बाजूला उभे होते, छातीएवढ्या उंचीवर अडसर आडवा. मागे टाक्याजवळ पहाटेच आलेल्या बायका. गुरवाने तीनदा हाक दिली. आबा हलले नाहीत.

"आबा," पाटील म्हणाला, "पालखी उन्हात हाय."

"असू दे. मानसं एकतीस दिस हुती. तुमी एक दिस ऱ्हावा."

"म्हातारपनी काय हे खूळ काढलं? खालून वाकून जाऊ की आमी."

"जावा."

कमान मोकळी होती. कोणीही वाकून गेला असता. पण देवी वाकून आत नेता येत नाही, आणि पालखीबरोबरचा कोणी देवीच्या पुढे जात नाही. तीनशे माणसे एका म्हाताऱ्याच्या लाकडापुढे थांबली.

"आत कोन कोन हुतं तेवढं सांगा," आबा म्हणाले. "मग काढतो."

"बाबूनं सांगितलं की समदं," कोणीतरी माझ्याकडे पाहून म्हणाला. थोडे हसू आले.

"त्यो बाबूचा कागद. म्या तुमास्नी इचारतोय."

ऊन चढले. पालखीवर कोणी उपरणे धरले. आबांनी एका हाताने अडसराचा आधार घेतला. सोना पाणी घेऊन आली, त्यांनी घेतले नाही. मला वाटले, आता हा माणूस इथेच पडेल आणि गाव त्याच्यावरून पालखी नेईल. तसेच झाले असते.

पाटलाची आई सत्तरीपुढची होती. ती उखळापाशी बसलेली होती, तिथून उठून काठी टेकत दरवाजापर्यंत आली.

"नाम्या," ती आतून म्हणाली, "तुजी आजी मला आपलं उखळ दावून गेली. म्हनली, सूनबाई, ह्या दगडावर आपल्या मानसांनी जीव धरला. कोकनात कोन गेलं हुतं रं?"

"आये, तू गप."

"साठ वर्सं गपच हाय. तुज्या बापानं गप केलंतं."

पाटील खाली पाहू लागला. म्हातारीने काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात अडसरावर ठेवले. "काढ आबा. एकट्यानं नको."

मग कुंभाराची बाई आली. मग गुरवाची. मी मोजत होतो, मला दुसरे काही येत नाही. सतरा बायका आल्या. उखळे त्रेचाळीस. उरलेल्या सव्वीस घरांच्या बायका तिथेच कातळावर बसून राहिल्या, आणि त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. सतरा बायका आणि आबा, इतक्या हातांनी अडसर खोबणीतून निघाला आणि पालखी आत गेली. त्या दिवशी आबा भिंतीकडे तोंड करून बसले नाहीत. बसायला त्यांना कोणी सांगितलेही नाही. जाताना रामराम मात्र कोणी घातला नाही.

आबा त्याच वर्षी भाद्रपदात गेले. सोनाचे लग्न पुढच्या वैशाखात उर्से गावी झाले. बोलणी झाली तेव्हा अडसराचा शब्द निघाला नाही. जत्रेला अडसर आता पाटलांचे घर नेते की कोणी नेतच नाही, मला माहीत नाही. त्यानंतर मी गडावर गेलेलो नाही.

मला शेवटचे दिसले ते आबा असे. जत्रा पांगत होती. अडसर खाली न्यायची वेळ झाली तेव्हा पाटील पुढे झाला आणि त्याने तो आपल्या खांद्यावर घेतला. आबा त्याच्या बरेच मागून, सोनाच्या आधाराने पायऱ्या उतरत होते. खांद्यावर काही नव्हते. तरी तो खांदा दोन बोटे खाली होता, आणि उजवा हात वर धरलेला होता, पार खालच्या वळणापर्यंत.